मोठे कलाकार घरी गाणं कशावर ऐकतात?

हाय-फायच्या शोरूममध्ये गेलात की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "सर, मोठमोठे म्युझिशियन्स हेच वापरतात." समोर कमरेएवढे स्पीकर, लाखाच्या पुढचा अँप्लिफायर, त्याला जोडलेली बोटाएवढी जाड केबल (तिची किंमत विचारू नका, विचारलीत तर खुर्ची धरून विचारा). आपणही मान डोलावतो, कारण लॉजिक बरोबर वाटतं ना, ज्याचं अख्खं आयुष्य सुरात गेलं त्याला भिकार आवाज चालेलच कसा.

पण चालतो. बहुतेकांना चालतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या घरी जरा डोकावून बघा, तानपुरे गवसणीत नीट उभे केलेले, तबल्याच्या जोडीला कुणी हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद, आणि रेकॉर्डिंग ऐकायला काय, तर फोन, फार फार तर चार्जिंगला लावलेला ब्लूटूथ स्पीकर. परदेशात ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांचीही साधारण हीच कथा. काही मोठे गमतीशीर अपवाद आहेत, त्यांच्याकडे येतोच. पण आधी हे असं का, ते बघू, कारण "त्यांना फरकच कळत नाही" आणि "पैसे नसतात" ही दोन उत्तरं लोक पटकन देतात आणि दोन्ही अर्धवट आहेत.

फोनवर तानपुरा लावल्यावर नेमकं काय होतं ते घ्या. समजा गायकाचा सा काळी एक आहे, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झला असतात आणि खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, एवढंच. आता फोनचा स्पीकर इतका बारका की तीनशे-चारशे हर्ट्झच्या खाली तो जवळपास मुकाच असतो. म्हणजे खर्जाचा मूळ स्वर फोनमधून बाहेर येतच नाही, त्याच्या वरचा १३९ पण नाही आणि २०८ पण नाही. तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो! कुणी असं म्हणत नाही की अरे, खर्जाची तार तुटली वाटतं.

कारण कुठलीच तार एकाच वेगानं हलत नाही, ६९ च्या जोडीला दुप्पट, तिप्पट, चौपट अशी कंपनं एकाच वेळी चालू असतात आणि फोन त्यातली वरची मंडळी बाहेर सोडतो, ३४६, ४१६, ४८५, ५५४ असं करत. मेंदूला कळतं की या सगळ्यांमधलं अंतर ६९ चं आहे, म्हणजे तळाला ६९ असणारच, आणि तो स्वर तो स्वतःच भरून काढतो. आणि तानपुऱ्याची जवारी म्हणजे मुळातच हे वरचे स्वर फुलवायची कला, त्यामुळे तानपुरा फोनवर बऱ्यापैकी तरून जातो. हे सगळ्यांच्याच मेंदूत होतं, पण ज्याचा दिवसाचा निम्मा वेळ सुरांत जातो त्याचा मेंदू यात तरबेज झालेला असतो, डॉक्टरची चिठ्ठी जशी केमिस्टला वाचता येते तसं. अक्षर वाईट आहे हे त्याला दिसतं, पण त्यानं त्याचं काही अडत नाही.

आता तबलजीला विचारा, तो वेगळं सांगेल. डग्ग्याच्या, म्हणजे जोडीतल्या डाव्या हाताच्या मोठ्या वाद्याच्या, घुमाऱ्याचा सगळा जीव तळाशी असतो, वरचे स्वर तानपुऱ्याइतके नाहीत, मग मेंदूनं भरून काढायचं तरी कशावरून. त्यामुळे फोनवर डग्गा जवळपास जातोच. 'धा' म्हणजे उजव्या तबल्याच्या काठावरचा (चाटेचा) 'ना' आणि डग्ग्याचा 'गे' एकत्र, त्यातला 'गे' गेला की उरतो तो 'ना'. तीनतालात 'खाली' नावाच्या भागापाशी डग्गा मिटतो आणि 'भरी' आली की परत बोलायला लागतो, ऐकणाऱ्याला ती मोठी खूण असते, फोनवर ती खूणच पुसट होते. मनगटानं दाबून काढलेली डग्ग्याची मींड, म्हणजे सूर सरकवत नेणं, ते तर विसराच. म्हणजे तबला शिकणाऱ्या पोराला बेस नीट देणारा स्पीकर किंवा हेडफोन खरोखर लागतो, ते नखरे नाहीत. पण ती गरज काही हजारांत भागते, तिच्यासाठी लाख लागत नाहीत.

हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. ऑडिओचा शौकीन ज्याला दाद देतो, म्हणजे वाद्यं डावी-उजवीकडे कुठं बसलीत ते 'दिसणं', झांजेच्या टोकाची चमक, श्वासाचा आवाज, त्याची मजा आहेच, कुणी नाकारत नाही. पण संगीतकार काय शोधत असतो? गंधार किती उतरा लावलाय, समेवर येताना घाई झाली का, ती तान कुठून उचलली, व्हायोलिनच्या सेक्शननं एकत्र श्वास घेतला की नाही. आणि हे सगळं भंगार स्पीकरवरही शाबूत राहतं.

आपल्याकडे याचा ढळढळीत पुरावा म्हणजे जुन्या खाजगी मैफलींच्या टेप्स. कुणा रसिकाच्या दिवाणखान्यात स्पूलवर रेकॉर्ड झालेलं गाणं, त्याची कॅसेट, त्या कॅसेटची कॅसेट, आणि आता तीच फाइल फोनवर फिरतेय. पंख्याची घरघर, कुणाचा तरी खोकला, माइक चुकून तबल्याजवळ ठेवलेला. हाय-एंड सिस्टीमवर हे लावलं तर पंखा फक्त जास्त स्पष्ट ऐकू येईल. पण गाणं शिकणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी हाच ऐवज जिवापाड जपला, एकेक जागा शंभरदा मागे नेऊन ऐकली. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये कोलकात्याला, तेव्हा माइक नव्हताच, भोंग्यात तोंड घालून गायचं आणि तीन-साडेतीन मिनिटांत राग संपवायचा, त्या रेकॉर्डमध्ये ना खर्ज ना चमक, तरीही त्या आजही अभ्यासल्या जातात. आणि अल्लादियाखाँसाहेब किंवा भास्करबुवा बखले यांच्या तर रेकॉर्डच नाहीत. त्यांची खरखरीत का होईना दोन मिनिटं मिळाली असती तर कुठल्या स्पीकरवर ऐकू असा प्रश्न एकाही गायकाला पडला नसता.

मग संगीतकाराला काहीच खटकत नाही का? खटकतं की, आणि जे खटकतं ते शोरूममध्ये कुणी बोलत नाही. स्पीड! कॅसेटचा बेल्ट सैल झाला की सगळं गाणं खाली उतरतं. उलट बॅटरी उतरलेल्या रेकॉर्डरवर कुणी रेकॉर्डिंग केलं असेल तर ते धड मशीनवर चढं वाजतं. एका पट्टीचं, म्हणजे काळी एकपासून पांढरी दोनपर्यंतचं अंतर, हे वेगाच्या भाषेत जेमतेम सहा टक्के. म्हणजे स्पीड तीन टक्क्यांनी चुकला की गाणं अर्धी पट्टी सरकलं, ते ना काळी एकात ना पांढरी दोनात, आता पेटी घेऊन त्याच्याबरोबर बसायचं कसं? सामान्य श्रोत्याला हे कळणारही नाही आणि संगीतकाराच्या मात्र पहिल्या मिनिटाला डोक्यात जातं.

एलपी रेकॉर्डचं तर अजून मजेदार आहे. रेकॉर्डचं मधलं भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं तरी ती प्रत्येक फेऱ्यात किंचित एका बाजूला सरकत फिरते आणि सूर दर १.८ सेकंदांनी वर-खाली होतो. केंद्रापासून दहा सेंटीमीटरवर हा फरक दोन्ही बाजूंना अर्धा टक्का, आतल्या चऱ्यांवर त्याहून जास्त. पियानोचा एखादा लांब टिकलेला स्वर किंवा सतारीची शांत आलापी असेल तर सुरात मुरलेल्या कानाला ते डोलणं जाणवतं. आणि इथं टर्नटेबल दहा लाखांचं असलं तरी उपयोग नाही, कारण दोष रेकॉर्डमध्येच आहे. नाकामिचीनं ऐंशीच्या दशकात रेकॉर्डचं खरं केंद्र स्वतःच शोधून ती सरकवणारं टर्नटेबल काढलं होतं, यावरून त्रास किती खरा होता ते बघा. डिजिटल आलं आणि हा सगळा प्रश्न मिटला. आज सात-आठ हजारांचा फोन सुरात पक्का असतो. म्हणजे संगीतकाराची सगळ्यात जुनी तक्रार स्वस्तात सुटून गेली, आणि महाग सिस्टीम ज्या तक्रारी सोडवते त्या मुळात त्याच्या नव्हत्याच. माझ्या मते खरं उत्तर हे आहे.

अजून एक गोष्ट आहे, ती जरा विचित्र वाटेल. हाय-फायवाले नेहमी म्हणतात की आमची सिस्टीम म्हणजे अगदी खऱ्या कार्यक्रमासारखा आवाज. पण खरा कार्यक्रम नेमका कुणाचा? व्हायोलिनवादकाचं वाद्य त्याच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर असतं, त्याला तारेवर घासणारं बो ऐकू येतं, मागून ट्रम्पेट आदळत असतात आणि पलीकडचे चेलो कधीकधी ऐकूच येत नाहीत. गायकाला स्वतःचा आवाज निम्मा हाडांतून पोहोचतो, म्हणून तर स्वतःचं पहिलं रेकॉर्डिंग ऐकून प्रत्येकाचं तोंड वाकडं होतं. सवाईला मंडपात मागे बसून तुम्ही जे ऐकता ते माइक आणि मंडपभर लावलेल्या स्पीकरमधून आलेलं असतं, स्टेजवर गायकाच्या मागे तानपुरा धरून बसलेल्या विद्यार्थ्याला तोच कार्यक्रम पूर्ण निराळा ऐकू येतो. आणि व्हिएन्नाच्या त्या प्रसिद्ध म्युझिकफेराइनच्या सभागृहात आवाज विरायला दोनेक सेकंद लागतात, आपल्या हॉलमध्ये सोफा-पडदे धरून अर्धा सेकंद पण नाही. म्हणजे ज्यानं खरं वाद्य रोज हातात धरलंय त्याला हे पक्कं माहीत असतं की घरात खऱ्यासारखं काही होणार नाही, मग त्या वाटेला तो जातच नाही. रेकॉर्डिंग त्याच्यासाठी नोट्स असतात, मैफल नाही.

आता कुणाला वाटेल की संगीतकार म्हणजे मोठे साधेसुधे, निर्मोही लोक. अजिबात नाही! त्यांचं वेड दुसरीकडे खर्च होतं एवढंच. मिरजेच्या सतारमेकरांकडे जाऊन बघा, तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला, तिथं जवारी काढताना घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, कानस मारून, परत तार चढवून, ऐकून, परत उतरवून तासन्‌तास काम चालतं, आणि घोडीवर तारेखालचा सुती धागा केसभर पुढे-मागे केला की अख्ख्या तानपुऱ्याचा रंग बदलतो. किशोरीताई आमोणकर मैफलीआधी तानपुरे लावायला किती वेळ घ्यायच्या याच्या आठवणी तर सगळेच सांगतात. आणि हेच लोक रोजच्या रियाजाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा नाहीतर फोनवरचं ॲप लावतात, कारण तिथं काम भागवायचं असतं.

आणि वेडाबरोबर येणारा भ्रमही त्यांना चुकलेला नाही. २०१२ आणि २०१४ मध्ये क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांचे दोन अभ्यास आले. दुसऱ्यात जगातल्या नामांकित १० सोलो व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर काळे गॉगल चढवून त्यांच्या हातात १२ व्हायोलिन दिली, सहा जुनी इटालियन, त्यातली पाच खुद्द स्ट्रॅडिव्हेरियस या जगप्रसिद्ध कारागिराची, आणि सहा नवी. दौऱ्यासाठी स्वतःच्या व्हायोलिनऐवजी कुठलं घ्याल असं विचारल्यावर दहापैकी सहा जणांनी नवं निवडलं, आणि जुनं कुठलं, नवं कुठलं हे ओळखणं तर अंदाजपंचेच निघालं. म्हणजे किंमत आणि नाव माहीत असलं की कान त्याच्या बाजूनं झुकतो, हे संगीतकाराला वाद्याच्या बाबतीत लागू आणि आपल्याला स्पीकरच्या बाबतीत. स्पीकरवर पण असे प्रयोग झालेत, १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर पडद्याआड आणि पडदा काढून ऐकवले, पडदा निघाल्यावर मार्क बदलले. आवाज तोच होता.

आता अपवादांकडे. हर्बर्ट फॉन कारायान, बर्लिन फिलहार्मोनिकचे दबदबा असलेले कंडक्टर, त्यांना यंत्रांचं भारी कौतुक, १९८१ मध्ये साल्झबर्गला सीडी जगासमोर मांडली तेव्हा ते सोनी-फिलिप्सवाल्यांच्या बाजूला बसले होते. त्याच काळातले दुसरे मोठे कंडक्टर सर्जू चेलिबिदाके अगदी उलटे, रेकॉर्डिंग म्हणजे संगीतच नव्हे असं मानणारे, त्यांनी हयातीत आपल्या मैफलींच्या रेकॉर्डिंगना जवळपास दारच बंद ठेवलं. दोघांचेही कान तेवढेच तयार, म्हणजे बघा, कान तयार असल्यानं मत ठरत नाही.

सगळ्यात गाजलेला अपवाद रॉक गायक नील यंग. एमपीथ्रीनं गाण्याचा सत्यानाश केला असं ते वर्षानुवर्षं ओरडत होते, मग २०१४ मध्ये पोनो नावाचा त्रिकोणी प्लेअर काढला, किकस्टार्टरवर लोकांनी ६० लाख डॉलरच्या वर पैसे दिले, किंमत ३९९ डॉलर, आणि २०१७ पर्यंत दुकान बंद. त्यांचा मुद्दा होता की सीडीत सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतात ते कमी आहे, १,९२,००० पाहिजे. ऐकायला बरोबर वाटतं, जास्त मापं म्हणजे जास्त बारकावे. पण गणित तसं चालत नाही. ४४,१०० मापांत साधारण २२,००० हर्ट्झपर्यंतचं सगळं पूर्णपणे पकडता येतं, मधलं काही गळत नाही, आणि माणसाचा कान तरुणपणी २०,००० पर्यंत, वय वाढलं की त्याहून बराच खाली. जास्त मापं घेऊन जे वाढतं ते वटवाघळांच्या कामाचं. बॉस्टनमध्ये मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये हाय-रिझोल्यूशन आवाज मधूनच सीडीच्या दर्जाचा करून लोकांना ओळखायला लावला, त्यात ध्वनिमुद्रणातले व्यावसायिकही होते, ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांचे आकडे एकत्र केले तेव्हा बरोबर ओळखण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांच्या जरा वर निघालं, थोडं सरावलेल्यांमध्ये अजून जास्त. म्हणजे शून्य फरक असं ठासून म्हणू नका, पण त्याच्यासाठी घर गहाण टाकू नका. वाईट एमपीथ्रीबद्दलची तक्रार मात्र खरी होती, नव्वदच्या दशकातल्या त्या फाइल्समध्ये झांज पाण्याखाली वाजल्यासारखी यायची. ती तक्रार स्ट्रीमिंगचा दर्जा सुधारल्यावर बरीचशी निकालात निघाली.

एक गोंधळ मात्र नेहमी होतो. लोक स्टुडिओतले फोटो दाखवतात, की बघा, यांच्याकडे किती महाग स्पीकर. ते हत्यार आहे हो, करमणूक नाही. आणि स्टुडिओतला सगळ्यात प्रसिद्ध स्पीकर कुठला, तर यामाहाचा एनएस-१०, १९७८ मध्ये घरासाठी म्हणून काढलेला आणि घरवाल्यांना फारसा न आवडलेला. आवाज कर्कश, बेस कमी, इतका बोचरा की इंजिनिअर लोक ट्विटरवर (स्पीकरमधला वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) टिश्यू पेपर चिकटवायचे. पण त्याच्यावर चुका लगेच उघड्या पडायच्या, म्हणून तो पांढऱ्या कोनचा डबा जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला, २००१ मध्ये यामाहानं तो बंद केला तरी लोक जुने शोधत राहिले. त्याच्या शेजारी ऑराटोन नावाचा अजून एक छोटा चौकोनी डबा असायचा, मुद्दाम वाईट, रिक्षात आणि स्वयंपाकघरातल्या रेडिओवर गाणं कसं वाजेल ते कळायला. म्हणजे जे लोक पैसे घेऊन ऐकतात ते सुंदर आवाजाच्या मागे नाहीतच, खऱ्या आवाजाच्याही नाहीत, चूक सापडवणाऱ्या आवाजाच्या मागे आहेत. दिवसभर तिथं बसून आलेला माणूस घरी आल्यावर बऱ्याचदा काहीच लावत नाही.

आणि कानांचंही बघायला हवं. जर्मनीत विमा कंपन्यांच्या नोंदींवरून झालेल्या २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात व्यावसायिक संगीतकारांना मोठ्या आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा धोका इतरांच्या साडेतीन पटीहून जास्त निघाला. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधल्या एका व्हायोलावादकाच्या बरोबर मागे ब्रास सेक्शन (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) बसवला होता, २०१२ च्या तालमींनंतर त्याचं वाजवणंच थांबलं आणि २०१८ मध्ये कोर्टानं निकाल त्याच्या बाजूनं दिला. वरचे स्वर गेलेल्या कानाला ट्विटर हिऱ्याचं आहे की प्लास्टिकचं, काय फरक पडतो. शहाणे वादक म्हणून स्पीकरऐवजी कानाच्या मापाचे इअरप्लग करून घेतात, आणि माझ्या मते संगीताशी संबंधित सगळ्या वस्तूंत ती सगळ्यात चांगली खरेदी आहे.

तर तुम्हाला स्पीकर घ्यायचेच असतील तर घ्या, आवडतात म्हणून घ्या, फक्त "कलाकार हेच वापरतात" वर सही करू नका. डेमोला जाताना स्वतःचं रेकॉर्डिंग न्या, डग्गा मोकळा बोलतोय असा एखादा तबला सोलो, जोरकस पुरुषी आवाजाचं गाणं, पियानोचे लांब स्वर. दुकानातली 'डेमो ट्रॅक' लावू देऊ नका, त्या कशावरही छान वाजतात. दोन जोड्या आलटून-पालटून ऐका आणि दोन्हीकडे आवाज बरोब्बर सारखा ठेवायला सांगा, कारण एखाद डेसिबलनं जरी एक मोठा असला तरी तोच 'जास्त क्लिअर' वाटतो, हे विकणाऱ्याला चांगलं माहीत असतं. जमलं तर बघायचंच नाही, पाठ करून बसायचं आणि चालू कुठला आहे ते बरोबर आलेल्या मित्रालाच फक्त माहीत असू द्यायचं. सेल्समन जरा का-कू करेल, करू दे.